१०६ टाके, तीन स्वेटर

लोकर एकाच दुकानातली, एकाच जाडीची. सुया तिघींच्याही ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. छातीचे माप तिघींचे ३६ इंच, आणि सुईवर घातलेले टाकेही तेवढेच, १०६. शिकवणाऱ्या काकूंचा राखाडी स्वेटर ३८ इंच भरला आणि अंगावर नेमका बसला. मोरपंखी स्वेटर शिवून झाला तेव्हा साडेएकेचाळीस इंचांच्या थोडा वरच गेला, आणि त्याचे खांदे दंडावर उतरले. राणी रंगाचा पावणेपस्तिसालाच थांबला. तो घालताना काखेत अडकायचा आणि घातल्यावर पुढून वर चढायचा.

हे प्रकरण नाशिकमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये चाललेल्या विणकामाच्या वर्गाच्या रूपात मांडले आहे. अशा वर्गांत वारंवार दिसणाऱ्या चुका इथे एका ठिकाणी आणल्या आहेत, त्यामुळे कुणाचे नाव दिलेले नाही. आकडे मात्र कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहावेत असेच आहेत.

वर्ग कसा होता

शिकणाऱ्या चौघी, आठ रविवार, दर वेळी दोन तास. पहिले मोठे काम म्हणून बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा स्वेटर निवडला होता, आणि ही निवड चांगलीच होती. नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी पडते आणि दुपारी ऊन चटकते. अशा हवेत बिनबाह्यांचाच स्वेटर रोज वापरला जातो. शिवाय बाह्या नसल्या की मुंढ्याचे काम अर्ध्यावर येते. प्रत्येकीला ३०० ग्रॅम मध्यम जाडीची अॅक्रिलिक लोकर लागणार होती. ती एकदम घेतली, आणि गुंड्यांच्या चिठ्ठीवरचा लॉट नंबर जुळवून घेतला. लॉट वेगळा निघाला की एकाच मोरपंखीच्या दोन छटा पाठीवर पट्ट्यासारख्या दिसतात.

काकू गेली कित्येक वर्षे स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी विणतात. त्यांच्याकडे कागदावर काही लिहिलेले नसते. छत्तीसची छाती म्हटली की एकशे सहा टाके, काठाला १० नंबरच्या सुया, वर ८ नंबरच्या. त्यांच्या हाताला हा आकडा ठाऊक आहे आणि तो दर वेळी बरोबर येतो. वर्गात दोघींचे माप त्यांच्याइतकेच निघाले, तेव्हा त्यांनी तो आकडा विश्वासाने देऊन टाकला. घोटाळा इथेच झाला. १०६ हे छत्तीसच्या छातीचे माप नाही, ते छत्तीसच्या छातीसाठी काकूंच्या हाताचे माप आहे.

टाके मोजल्यावर काय दिसले

तिन्ही स्वेटर टेबलावर सपाट पसरले. साध्या विणीच्या, म्हणजे एक ओळ सुलट एक ओळ उलट अशा भागावर, काठापासून आणि शिवणीपासून दूर, लाकडी पट्टी ठेवून ४ इंचांतले टाके मोजले. टेप इथे चालत नाही. तो विणीच्या उंचवट्यांवर वाकतो आणि एखादा टाका खाऊन टाकतो.

काकूंचे ४ इंचांत २२ टाके निघाले, म्हणजे इंचाला साडेपाच. मोरपंखीचे २०, म्हणजे इंचाला पाच. राणीचे २४, इंचाला सहा. शिवणीत जाणारे दोन टाके सोडले तर प्रत्येक भागात १०४ उरतात. १०४ ला साडेपाचने भागले की जवळपास १९ इंच, पाठ आणि पुढचा भाग मिळून ३८. पाचने भागले की २०.८, दोन्ही भाग मिळून ४१.६. सहाने भागले की १७.३, दोन्ही मिळून ३४.७. इंचामागे अर्ध्या टाक्याचा फरक नुसत्या डोळ्यांना कळतसुद्धा नाही, पण काकूंपेक्षा एकीचा अर्धा टाका कमी आणि दुसरीचा अर्धा जास्त, एवढ्यानेच राणी आणि मोरपंखी या दोन स्वेटरांत जवळपास सात इंचांचे अंतर पडले.

खांद्यांचेही तेच. मुंढ्याला दोन्ही बाजूंचे १४-१४ टाके कमी करून ७८ उरवायचे, असे सांगितले होते. काकूंच्या हातात ७८ टाक्यांचे १४ इंच होतात, आणि छत्तीसच्या छातीला तेवढाच खांदा बसतो. मोरपंखीत त्याच ७८ चे १५.६ इंच झाले, म्हणून खांदा दंडावर गेला.

४ इंचांच्या मोजणीत शेवटचा अर्धा टाका बहुतेक जणी सोडून देतात. साडेवीस असतील तर वीस लिहितात. या स्वेटरच्या पूर्ण घेरात त्या अर्ध्या टाक्याची किंमत एक इंच आहे. तो मोजायचाच.

हात सैल किंवा घट्ट का असतो

हा स्वभावाचा भाग नाही. बोटे काय करतात ते जवळून पाहिले की कारण दिसते. टाक्याचा आकार सुईच्या जाड भागावर ठरतो. सुईचे टोक निमुळते असते. राणीवाल्या ताई टाका टोकावरच तयार करत होत्या आणि तो जाड भागापर्यंत सरकायच्या आधीच धागा ओढून घेत होत्या. त्यामुळे ४ मिलिमीटरची सुई हातात असून टाका पडत होता तीन-सव्वातीनच्या सुईचा. धागा करंगळीला दोन वेढे देऊन धरलेला, म्हणून तो सहज सुटतही नव्हता. पुढच्या ओळीत अशा टाक्यात सुई शिरत नाही, मग जोर लावावा लागतो, आणि अर्ध्या तासात मनगट दुखू लागते. मोरपंखीवालीचे उलटे होते. धागा नुसता तर्जनीवर लोंबत असे, आणि टाका काढताना ती उजवी सुई अर्धा इंच दूर खेचायची. त्या खेचण्यात शेजारच्या टाक्याचा धागाही ओढला जातो.

काकूंनी दोघींना सुचवले ते असे: "घट्ट ओढू नका, सैल सोडू नका." यातून काही साधत नाही. धाग्याला करंगळीवर एकच वेढा द्या, टाका जाड भागावर आला की मगच पुढचा घ्या, दोन्ही सुयांची टोके एकमेकींपासून नखाएवढ्या अंतरावर ठेवा, असे सांगितले तर हात बदलतो. तोही एका दिवसात नाही. नव्या शिकणारीचा हात पहिले दोन-तीन आठवडे बदलतच असतो. बहुधा तो घट्टपणाकडून सैलपणाकडे जातो, कारण भीती जाते. म्हणूनच दुसऱ्याच रविवारी विणलेला नमुना, म्हणजे टाके मोजण्यासाठी आधी विणलेला छोटा तुकडा, फारसा भरवशाचा नसतो, आणि थेट स्वेटरला हात घातला तर खालचा काठ आवळलेला आणि छातीचा भाग पसरट निघतो. आधी त्याच लोकरीचा हातभर लांब मफलर पुरा करावा आणि नमुना त्यानंतर विणावा.

नमुना: एक तास की सव्वीस तास

वर्गात नमुना विणला गेलाच नव्हता. आठच रविवार आहेत, त्यात तुकडे कुठे विणत बसायचे, हा विचार समजण्यासारखा आहे, पण हिशेबात बसत नाही. या स्वेटरच्या पाठीत चौदा हजारांच्या आसपास टाके आहेत. शिकाऊ हात मिनिटाला अठरा टाके घालतो असे धरले तर एका भागाला तेरा तास, दोन भागांना सव्वीस. नमुन्यात ३० टाक्यांच्या ४० ओळी, म्हणजे १२०० टाके, तासाभराहून जरा जास्त.

नमुना असा विणावा. ज्या सुयांवर स्वेटर विणायचा त्याच सुयांवर ३० टाके घाला. पहिल्या सहा ओळी नुसत्या सुलट. मग दोन्ही कडांचे चार-चार टाके कायम सुलट ठेवून मधल्या २२ टाक्यांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट. मध्ये साडेचार इंच उंची झाली की पुन्हा सहा ओळी सुलट आणि टाके बंद. सुलट टाक्यांची ही चौकट नसेल तर तुकडा कडेने गुंडाळतो आणि पट्टीखाली सरळ राहत नाही. हात फारच घट्ट असेल तर ३४ टाके घ्या, म्हणजे मध्ये मोजायला पूर्ण ४ इंच मिळतात. मग स्वेटर जसा धुणार तसाच तो तुकडा धुवा, टॉवेलवर सपाट वाळवा, आणि मोजा दुसऱ्या दिवशी. सुईवरून उतरल्या उतरल्या मोजलेला तुकडा खोटे बोलतो, कारण तेव्हा तो हातांनी ओढलेला असतो.

त्यावरून टाके काढणे सोपे आहे. स्वेटरचा घेर म्हणजे छाती अधिक २ इंच. त्याचा अर्धा करा, इंचातल्या टाक्यांनी गुणा, शिवणीचे २ मिळवा, आणि येणारा आकडा जवळच्या सम संख्येवर न्या. सम संख्या नवशिक्यांसाठीच. एक सुलट एक उलट अशा काठात मग प्रत्येक ओळ सुलटने सुरू होते आणि उलटने संपते, लक्षात ठेवायला दुसरे काही उरत नाही. ४ मिलिमीटरवर याच स्वेटरसाठी काकूंना १०६, मोरपंखीला ९८ आणि राणीला ११६ टाके हवे होते. अंगांची मापे एकच, तरी आकडे तीन.

इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी विणकाम शिकवताना हीच दिशा धरली. घेराला इंचातल्या टाक्यांनी गुणून आलेली संख्या शंभर टक्के मानायची आणि स्वेटरचे बाकी आकडे तिच्या टक्क्यांत काढायचे, ही त्यांची पद्धत. दुसऱ्याला टाक्यांचा आकडा देण्यापेक्षा आकडा काढण्याची रीत देणे किती मोलाचे आहे, हे या तीन स्वेटरांकडे पाहून पटते.

आणखी दोघींचे काय झाले

तिसऱ्या शिकणारीच्या मोतिया स्वेटरचे माप बरोबर होते, पण पाठीवर एक आड एक ओळ वेगळी दिसत होती. साध्या विणीत प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा, तळाशी उघडा दिसतो. तिच्या त्या ओळींतले टाके तळाशी एकमेकांवर पाय टाकून बसल्यासारखे होते. लहानपणी आजीकडून शिकलेला उलट टाका ती धागा सुईवरून न घेता सुईखालून उचलून घालत होती. त्यात चूक काही नाही. उलट तो टाका धागा कमी घेतो आणि पटकन होतो. पण त्याने टाका सुईवर फिरून बसतो. सुईवर बसलेल्या टाक्याच्या कडीचा एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे असतो. एरवी सुईच्या टोकाजवळचा पाय सुईच्या पुढे असतो, इथे तो मागे जातो. पुढच्या सुलट ओळीत तिने नेहमीसारखी पुढच्या पायातून सुई घातली की टाक्याला पीळ पडतो.

काकूंनी तिला उलट टाका नव्याने शिकवायला घेतला, आणि दोन रविवार त्यातच गेले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बोटांत बसलेली सवय सहजासहजी निघत नाही. एका वाक्यात काम झाले असते: पाय पुढे असो की मागे, सुई नेहमी टोकाजवळच्या पायात घाला. हा नियम दोन्ही पद्धतींना लागू पडतो. फक्त मुंढ्याला दोन टाक्यांचा एक करताना तिने ते दोन टाके आधी उजव्या सुईवर एकेक करून सरकवून सरळ करून घ्यावेत आणि डाव्या सुईवर परत आणून मगच एकत्र विणावेत.

चौथीने मोबाइलवरचा एक अमेरिकन व्हिडिओ पाहून घरी टोपीला सुरुवात केली होती. त्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या, तिनेही ८ नंबरच्याच घेतल्या, आणि टोपी तिच्या सहा वर्षांच्या भाच्याला झाली. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. ते तारेच्या गेजवरून, म्हणजे तारेची जाडी सांगणाऱ्या नंबरांवरून आले, म्हणून भांड्याच्या पत्र्यासारखे: नंबर मोठा तशी जाडी कमी. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. अमेरिकन नंबर उलटे चढतात. तिथली ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आणि आपल्याकडे तिला ६ नंबर म्हणतात. नंबर वाचूच नका, सुईच्या टोपीवर कोरलेले मिलिमीटर वाचा.

टाके आपोआप वाढण्याचा प्रश्न चौघींनाही आला. १०६ घातले आणि विसाव्या ओळीला १११ झाले. दोन जागा तपासायच्या. ओळ उलटवल्यावर धागा सुईच्या वरून मागे टाकला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर ओढले जातात, तो दोन टाक्यांसारखा दिसतो आणि दोन्ही विणले जातात. दुसरी जागा काठातली. उलट टाका झाल्यावर धागा दोन सुयांच्या मधून मागे न नेता तसाच सुलट घातला की सुईवर एक जादा वेढा पडतो आणि पुढे तिथे भोक दिसते. दर २० टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या धाग्याची सैल कडी सुईत अडकवून ठेवली तर एका नजरेत कळते कोणत्या विशीत एकवीस झाले. पहिल्या दहा ओळी प्रत्येक वेळी मोजायच्या, पुढे दर दहा ओळींनी.

दुरुस्ती

मोरपंखी आत घ्यावा का, हा पहिला विचार. ३.६ इंच कमी करायचे तर चारही कडांचे साधारण साडेचार टाके शिवणीत जातील. बगलेत दोरखंडासारखी जाड शिवण येईल, आणि खांदा उतरलेलाच राहील. शिवाय उजेडात धरले तर वीण जाळीसारखी दिसत होती. ती धुण्यागणिक लांबत जाणार. म्हणून उसवणे हाच निर्णय योग्य. उसवलेला धागा कुरळा होतो. त्याची खुर्चीच्या पाठीवर लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून न पिळता सावलीत टांगायची. नुसते टाके कमी करून त्याच सुया ठेवल्या असत्या तर माप जुळले असते, पण वीण विरळच राहिली असती. ९ नंबरच्या, म्हणजे पावणेचार मिलिमीटरच्या सुयांवर नवा नमुना विणला तेव्हा ४ इंचांत २१ टाके आले. इंचाला सव्वापाच, गुणिले १९, अधिक २, म्हणून १०२ टाके. खांद्याला १४ इंचांचे ७४ ठेवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना १४-१४च कमी: आधी ६ बंद, मग एक आड एक ओळीत एकेक असे आठ वेळा.

राणीच्या बाबतीत मात्र आधीच एक नुकसान होऊन बसले होते. आखडलेला स्वेटर ताणून मोठा करावा म्हणून ताईंनी ओला कपडा ठेवून वरून गरम इस्त्री दाबली. खऱ्या मेंढीच्या लोकरीला वाफ मानवते, तिला ओलावून थोडा आकार देता येतो. बाजारात लोकर म्हणून मिळते ते बहुतेक अॅक्रिलिक असते. उष्णतेने त्याचे तंतू नरम पडून लोळागोळा होतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. काठाची सगळी ओढ गेली, तो पडद्याच्या झालरीसारखा लोंबू लागला. शंका असेल तर दोन इंच धागा चिमट्यात धरून पेटवून पाहावा, खाली पाण्याची ताटली ठेवून. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून काळा, टणक मणी झाला तर अॅक्रिलिक. त्या काठाचा धागा पुन्हा काठाला वापरता आला नाही, तो शिवणीत गेला. बाकीचा उसवून ७ नंबरच्या, साडेचार मिलिमीटरच्या सुयांवर नमुना घेतला. ४ इंचांत २३ टाके, म्हणून सुईवर ११२. जाड सुयांवर वीण मऊ पडली, आणि मनगटाची तक्रारही कमी झाली.

मोतिया उसवला नाही. पिळाच्या ओळी पाठीवर सारख्या अंतराने आहेत, नक्षीसारख्या दिसतात. पुढचा भागही तसाच विणायचे ठरले. त्यासाठी तिला आपली जुनी सवयच चालू ठेवायची होती.

पुढच्या वर्गाचा क्रम

पहिल्या दिवशी टाके घालायला शिकवू नये. टाके घालणे आणि त्यावरची पहिली ओळ ही दोन्ही कामे सर्वांत अवघड, आणि माणूस तिथेच सोडून देतो. प्रत्येकीच्या सुईवर २० टाके आणि तीन ओळी आधीच विणून द्याव्यात, फिकट रंगाच्या गुळगुळीत लोकरीत. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही. चार हालचाली तोंडाने म्हणत विणायचे: खुपस, गुंडाळ, ओढ, सोड. पहिले दोन तास फक्त सुलट. उजव्या हाताच्या शिकणारीच्या शेजारी बसायचे, डावखुरीच्या समोर. तिला समोरचे हात आरशासारखे दिसतात. दुसऱ्या रविवारी उलट टाका, टाके घालणे आणि टाके बंद करणे. टाके घालताना दोन सुया एकत्र धरल्या तर खालची कड आवळत नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मफलर, पाचव्याला नमुना. सहाव्याला प्रत्येकीने आपला तुकडा मोजून आपले टाके आपल्या वहीत स्वतः काढायचे. स्वेटरला हात त्यानंतर. आठ रविवारांत तो पुरा होणार नाही, बारा धरावेत.

काकूंनी नव्या वर्गासाठी राखाडी स्वेटरचा नमुना तुकडा विणला, आयुष्यात पहिल्यांदाच. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे: सुई ४ मिलिमीटर, ४ इंचांत २२ टाके, २८ ओळी. १०६ हा आकडा तिच्यावर लिहिलेला नाही.